आंतोन टेलरांचा पावणो

आंतोन टेलर खुर्चीतून कधी एकदम उठत नसत. उठायचं ठरलं की आधी पाच मिनिटं टाचा जमिनीला टेकवून दोन्ही पाय हलवायचे, मग खांदे गोल फिरवायचे, मग मुठी उघडायच्या-मिटायच्या आणि मगच उभं राहायचं. नवख्या माणसाला वाटे, शिंप्याची जन्माची सवय, मशीन नसतानाही पाय चालवतोय. आरोंद्याच्या तिठ्यावर सावंतवाडीची एसटी दिसली की बाकीची माणसं पळत सुटत. टेलर मात्र गाडी यायच्या आधीपासूनच ओट्यावर पाय हलवत बसलेले असत आणि आतून त्यांची बायको, मारियानकाकी, ओरडत असे, "सांगलंस काय रे तुज्या पावण्याक? गाडी सुटतली!"

पावणो म्हणजे त्यांचं हृदय. ते त्यांचं स्वतःचं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं होतं. मूळच्या हृदयाचा स्नायू सैल पडत गेला होता. हे सांगताना ते "चड्डीतला इलॅस्टिक जाता, तसां" एवढ्यावरच आटपत. नवीन हृदय बसवताना रक्तवाहिन्या जोडता येतात, मज्जातंतू जोडता येत नाहीत. त्यामुळे मेंदूचा निरोप त्या हृदयाला थेट मिळत नाही. रक्तातून फिरत फिरत पोचतो, तेव्हा कुठे ते जोराने चालायला लागतं. तोवर माणूस एकदम उठला तर त्याला घेरी येते. टेलरांनी हे डॉक्टरांकडून नीट ऐकून घेतलं होतं आणि आपल्या मापात बसवून घेतलं होतं. "माजो राग हेका उशिरान पोचता," ते मला म्हणाले होते. "मी बाजारात भांडान घराक येतंय, हातपाय धुवन जेवूक बसतंय, आणि तेवा हो धडधडूक लागता. आता कोणाबरोबर भांडाचां? पेजेबरोबर?"

मी नर्स. सावंतवाडीची. हृदय बदलून गावी परतलेली माणसं पुढे कशी जगतात, काय खातात, कुठल्या गोळ्या चुकवतात, याचा अभ्यास मुंबईच्या त्या इस्पितळातल्या एक डॉक्टर मॅडम करत होत्या आणि आमच्या बाजूचं काम माझ्याकडे होतं. महिन्यातून एकदा टेलरांकडे जायचं, रक्त घ्यायचं, वजन आणि रक्तदाब बघायचा आणि भलीमोठी प्रश्नावली भरायची. मला रकाने भरायला आवडतात. आवडत असत, असं म्हणायला हवं. माझा एकही फॉर्म अपुरा म्हणून मुंबईहून परत आला नव्हता, याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे. स्वभावाने मी तिखट. रोग्यांनी वेळ घालवला की माझं डोकं फिरतं. टेलरांनी माझा जेवढा वेळ घालवला तेवढा कोणीच घालवला नाही.

रक्त सकाळी आठच्या गोळीआधी घ्यावं लागे. परकं हृदय शरीराने शत्रू समजून मोडून टाकू नये, म्हणून ती गोळी जन्मभर घ्यायची, सकाळी आठला आणि रात्री आठला. रक्तात तिचं प्रमाण वाढलं तर मूत्रपिंडाला अपाय होतो, हात कापायला लागतात; कमी पडलं तर शरीर त्या हृदयाला हाकलून द्यायला निघतं. मी पहिली गाडी पकडून जाई. टेलर गोळी तळहातावर घेऊन ओट्यावर वाट बघत असत. "ये गो बाय, पावण्याचो नास्तो थांबलो हा," म्हणत बाही वर करत. बर्फाच्या डब्यात नमुना बंद केला की मग चहा, आणि चहानंतर माझे प्रश्न.

एरवी आम्ही आमच्या मालवणीत बोलत असू, पण प्रश्न छापील मराठीत जसेच्या तसे वाचायचे असा नियम होता. मी टॅब उघडला की टेलर काकीला सांगत, "गप रव गो, हापिसातली बाय इली." मी विचारी, "गेल्या चार आठवड्यांत आपणांस किती वेळा उदास वाटले? कधीच नाही, क्वचित, अनेकदा, नेहमी." एकदा यावर त्यांनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला. मग म्हणाले, "बाय, मी तीस वर्सां लोकांची मापां घेतलंय. टेप लावलो काय माणूस पोट आत घेता. बापये तर श्वाससुद्धा सोडनत नाय. तुज्या प्रश्नांक मी तशीच उत्तरां देतलंय. खरां माप होयां तर मी दुसरां कायतरी बोलत आसताना घे." त्यांची स्वतःची पद्धत तीच होती. गिऱ्हाइकाला आंब्याचं कलम यंदा किती धरलं ते विचारायचं आणि तो सांगण्यात रंगला की टेप फिरवून मोकळं व्हायचं. त्यांनी शिवलेला सदरा जेवणानंतरही कधी कोणाला तंग झाला नाही. मी त्या दिवशी हसले आणि 'क्वचित'वर खूण केली.

दुकान असं त्यांना नव्हतंच. पुढच्या पडवीत मशीन, भिंतीला खिळ्यावर कात्री आणि कपड्यांच्या चिंध्यांची एक पिशवी. आरोंदा आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या शाळांचे गणवेश, लग्नाचे सूट, चर्चमध्ये गाणाऱ्या पोरींचे झगे, सगळं तिथेच. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितली होती, म्हणून गिऱ्हाइकाने अंगणातच उभं राहायचं आणि टेलरांनी तोंडाला पट्टी बांधून ओट्यावरून खाली यायचं. लांबून बघणाऱ्याला टेलरच गिऱ्हाइकाचं ऑपरेशन करायला निघालेत असं वाटावं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ऐकवायला लागले आणि माझं नाव घ्यायचं मात्र सोयीस्कर विसरले.

ज्याचं हृदय मिळालं त्याच्याविषयी त्यांना एवढंच कळलं होतं की तरुण मुलगा होता. नाव, गाव सांगत नाहीत, तो कायदा आहे. पण हृदय बसवताना देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा बांधा साधारण जुळावा लागतो, हे त्यांनी ऐकलं आणि त्यावरून त्यांचा हिशेब झाला. म्हणजे पोरगा आपल्याच मापाचा. दर नाताळाला ते आपल्या मापाचा एक पांढरा सदरा शिवत, इस्त्री करत आणि ज्या तरुण पोराला तो बसेल त्याला देऊन टाकत. "नाव नाय म्हायत, माप म्हायत आसा," असं म्हणत. मी ओळखीची झाले त्या वर्षी तो सदरा खाडीवर होडी चालवणाऱ्या एका मुलाला मिळाला. त्या मुलाने तो घातला तेव्हा टेलर पाय हलवायला बसले. उठायचं नव्हतं कुठेच. नंतर म्हणाले, आता हा जोरात धडधडणार, मला ठाऊक आहे, तर आधीच सांगून ठेवलं.

त्यांच्या घरामागे विहिरीजवळ तोरंजनाचं झाड होतं. तोरंजन म्हणजे पपनस, नारळाएवढं, जाड सालीचं, आत गुलाबी गर. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. तिला रानातली फुलं, सुपारीचे घड, कवंडळाची रानफळं, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, आणि मधोमध तोरंजनं. अख्ख्या वाडीची तोरंजनं या क्रिस्तांवाच्या, म्हणजे ख्रिश्चनाच्या, झाडावरून जात. चवथीच्या आदल्या दिवशी पोरं काठ्या घेऊन हजर, आणि टेलर खालून हुकूम सोडणार: "देठ ठेव रे! माटवेक बांधतलंस कशान, तुज्या शेंडयेन?" विसर्जन झालं की माटवीची फळं सोडवून घराघरांत वाटतात. शेजारच्या शेवंतावैनी त्यातला पहिला वाटा टेलरांकडे आणून देत. झाडाचं फळ झाडाच्या घरी परत, अशी ती रीत. शेवंतावैनी आता नाहीत. त्या असत्या तर मी हे लिहिलं नसतं.

ऑपरेशन झालं त्या वर्षीची चवथ टेलरांनी मुंबईतच काढली. दुसऱ्या वर्षी झाड रुसलं, चार-पाच फळं कशीबशी धरली ती माटव्यांतच संपली. तिसऱ्या वर्षी मात्र फांद्या टेकवाव्या लागल्या एवढं लागलं. शेवंतावैनी त्या वर्षी वाटा म्हणून एकदोन फळं नाही, भरलेला टोपलाच घेऊन आल्या. "आंतोन आमचो परत मिळालो," म्हणाल्या, "बाप्पाचां सगळां तेच्याच घराक." शिवाय झाडावर होती ती वेगळी. पुढचे दोन-अडीच महिने त्या घरात दुपारी जेवण झालं की तोरंजन सोललं जाई.

त्या सप्टेंबरात मी गेले तेव्हा चवथ नुकतीच झाली होती. ओट्यावर टेलरांनी फोडी करून एका वाडग्यात ठेवल्या होत्या, वर मीठ आणि लाल तिखट भुरभुरलेलं. मी एक फोड तोंडात टाकली, बोटं चाटली आणि वर्षातून एकदाच विचारायच्या आहाराच्या पानावर आले. वाचलं, "आपण ग्रेपफ्रूट किंवा त्याचा रस घेता काय?" टेलरांनी विचारलं, "तां काय तां?" मी म्हटलं, विलायती फळ आहे, मोसंब्यासारखं, त्याने गोळीचं गणित बिघडतं. ते म्हणाले, "आमच्या हंय खंय गावतलां तां? शिरा पडो त्या फळार." मी 'नाही'वर खूण केली. टॅबवर माझ्या बोटाचा ओला डाग पडला, तो मी पदराने पुसला आणि आणखी एक फोड घेतली.

ती खूण मी रोज बघते. डोळे मिटले की बघते. ग्रेपफ्रूट मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि समोरच्या वाडग्यात त्याचं सख्खं भावंड पडलंय, हे मला सांगणारं तिथे कोणी नव्हतं. पण विचारायला मला तोंड होतं. विचारलं असतं तर कळलं असतं. रकाना भरला होता, म्हणून मी विचारलं नाही.

ऑक्टोबरात टेलरांना सुई ओवता येईना. मी पोचले तेव्हा दोरा सुईच्या डाव्या बाजूने जात होता, मग उजव्या बाजूने, आणि ते चिडून दोऱ्याला शिव्या घालत होते. शेवटी काकीने सुई काढून घेतली आणि ओवून दिली. कात्री धरली की कापडावर आखलेली रेघ सुटायची. त्या दिवशीच्या रक्तात गोळीचं प्रमाण खूपच चढलेलं आलं. मॅडमनी फोनवर पुन्हा पुन्हा विचारलं, नवीन औषध काही? जास्त गोळी घेतली का? आहारात बदल? मी फॉर्म उघडून बघितला आणि ठामपणे सांगितलं, काही नाही. मग त्यांनी करायचं तेच केलं, गोळी कमी केली. आठवड्याने परत रक्त घेतलं, प्रमाण अगदी हवं तेवढं. नोव्हेंबरातही तसंच. हाताचा कंप गेला. टेलर एवढे खूश झाले की माझ्यासमोर सुई एका फटक्यात ओवून दाखवली आणि म्हणाले, "बग, पावणो आणि मी, दोगय बरे." आभार मानायचे म्हणून त्यांनी मला "देव बरां करूं" म्हटलं आणि मी ते घेतलं.

डिसेंबरात झाडावरचं शेवटचं तोरंजन संपलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी त्यात काही दिसलं नसतं. महिन्याच्या मध्यावर मी जायची होते, तर टेलरांचा फोन आला. नाताळाचे कपडे अंगावर पडलेत, माणसं दारात उभी आहेत, सण सरल्यावर ये. नियमात दोन-तीन आठवडे मागेपुढे चालत होतं. मागचे दोन्ही रिपोर्ट चांगले होते. मी बरं म्हटलं. त्या नाताळात म्हणे त्यांनी इतक्या वर्षांत शिवला नव्हता एवढा सुरेख सदरा शिवला, टाका इकडचा तिकडे नाही. हात अगदी स्थिर. गोळी रक्तातून उतरत चालली होती आणि हात त्यामुळे स्थिर होते, हे आता मला कळतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी गेले. टेलर ओट्यावर होते, गोळी तळहातावर होती, पण ती धरलेला हात मांडीवर टेकलेला. "बरो आसंय," त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. काकी दारातून म्हणाली, "बरो खंय? पंधरा दीस रातीं बसान निजता. पाय बग तेचे." पायांना सूज होती, बोट दाबलं तिथे खड्डा राहिला. मी ओरडलेच त्यांच्यावर. फोन का केला नाहीत? छातीत दुखत होतं का? त्यांनी मान हलवली. दुखत नव्हतं. बसवलेल्या हृदयाचे मज्जातंतू जोडलेलेच नसतात. शरीर त्याच्यावर तुटून पडलं तरी मालकाला कळ येत नाही. मी रक्त घेतलं आणि त्याच दुपारी गाडी करून त्यांना गोव्याच्या इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. गोळी रक्तात जवळजवळ नव्हतीच.

मुंबईहून मॅडम फोनवर होत्या, गोव्यातले डॉक्टर जिवाचं रान करत होते, मोठमोठी औषधं चालली होती. टेलर नऊ दिवस जगले. सहाव्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. चेहरा लहान झाला होता. नळ्यांतून हात बाहेर काढून त्यांनी माझा हात धरला. "दुखला आसता तर सांगलंय आसतंय गो," म्हणाले, जणू त्यांनी माझा अपराध केला होता. "तुजी ती प्रश्नांची वही हाडलंस?" मी म्हटलं, नाही आणली. "हाड मगे. आता माप घे. आता पोट आत घेवक ताकद नाय." मी त्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून गेले होते. ते काही जमलं नाही. त्यांनी माझी बोटं दाबली आणि डोळे मिटून घेतले.

त्यांना आरोंद्याच्या चर्चच्या आवारात पुरलं. वाडीतली सगळी हिंदू माणसंही आली होती. होडीवाला तो मुलगा पांढरा सदरा घालून आला होता. शेवंतावैनींनी काकीला असं धरून ठेवलं होतं की पाद्रींना त्यांच्या बाजूने वळसा घालून जावं लागलं.

अभ्यासात रोगी गेला की शेवटचा एक फॉर्म असतो. शेवटच्या तीन महिन्यांत काय बदललं, ते घरच्यांना विचारायचं. महिन्याने मी काकीसमोर बसले. पाणी? तेच. मीठ? तेच. नवीन औषध, काढा, पाला? काही नाही. मी कंटाळून विचारलं, काकी, काहीच कसं बदललं नाही? ती विचार करून म्हणाली, "काय बदलतलां? तोरंजनां सरली, तितक्याच. तेका तेचो छंद होतो." मी तेही लिहून घेतलं, सवयीने. बसमध्ये बसल्यावर मोबाइलवर शोधलं. ग्रेपफ्रूट हे तोरंजनाच्याच रक्ताचं फळ होतं, आणि गोळी रक्तात चढवायचा गुण दोघांचाही तोच. मळेवाडच्या स्टॉपवर मी उतरले आणि तशीच उभी राहिले. सगळं एकाखाली एक लागत गेलं. फळामुळे गोळी चढली. गोळी चढली म्हणून आम्ही ती कमी केली. फळ संपलं आणि कमी केलेली गोळी तशीच राहिली.

मी मॅडमना तिथूनच फोन केला. त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा क्रमाने सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "पपनसाने गोळी चढते हे मला माहीत होतं. तुमच्याकडे ते असं रोज खातात, हे माहीत नव्हतं." मी म्हटलं, "खातात हे मला माहीत होतं, मॅडम. त्यांच्याबरोबर बसून मीपण खाल्लं." त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. आता फॉर्ममधल्या ग्रेपफ्रूटच्या प्रश्नाखाली तोरंजनाचं चित्र आहे आणि त्याची आमच्या भागातली सगळी नावं आहेत. ती नावं मीच लिहून पाठवली.

मॅडमना टेलरांची हकिगत इतर डॉक्टरांसाठी लिहायची होती, म्हणजे दुसरीकडे असं होऊ नये. त्यासाठी घरच्यांची लेखी संमती लागते आणि कशाला संमती देतोय ते त्यांना नीट सांगावं लागतं. मी तो कागद तीन महिने पर्समध्ये घेऊन फिरले. मे महिन्यात एकदाची गेले. काकी अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. मी तिच्याजवळ बसकूर ओढून बसले आणि सगळं सांगितलं. माझी खूणही सांगितली, बोटं चाटलेली सांगितली. काहीही लपवलं नाही.

ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. मग तिने विचारलं, "म्हणजे तेचे हात कापत, ते तोरंजनामुळे?"

मी होय म्हटलं.

"माका वाटलां, आता तेका सोलूक जमाचां नाय," ती म्हणाली. "हात कापत म्हणान मी सोलून दी. तो एक फोड मागी, मी दोन दी."

मी तिला जवळ घेतलं. माझ्या खांद्यावर तिचं डोकं होतं आणि ती आवाज न करता रडत होती. मग तिने तोंड पदराने पुसलं. पदराला आणि गालाला रातांब्याचा लाल रंग लागला. "सही खंय करूची?" तिने विचारलं. मी बोट ठेवलं तिथे तिने अक्षर अक्षर जोडत नाव लिहिलं. पेन परत देताना माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "लिव. दुसऱ्याच्या घरात ह्यां होवक नको. पण शेवंताक सांगा नको. तिना टोपलो भरान दिल्यान, आमचो आंतोन जगलो म्हणान."

तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून शेवंतावैनीच आल्या, डोक्यावर त्यांच्या झाडाच्या रातांब्यांची टोपली. आमची तोंडं बघून जागीच थांबल्या. "काय झालां गो? दोगी कित्याक रडतात?"

"काय नाय गो," काकी म्हणाली. "आंतोनाची याद इली."

शेवंतावैनींनी टोपली खाली ठेवली, आमच्या दोघींच्या मध्ये बसल्या आणि आम्हा दोघींपेक्षा मोठ्याने रडल्या.